हिरवं बटण, लाल बटण

प्रेस्टन बेंड, आयोवा
९ मे १९७८

प्रिय मिसेस टॉर्गरसन,

आपली ओळख नाही. पण तुमचा मुलगा सध्या माझ्या घरी राहतो, जेवतो आणि माझ्या न्हाणीघरात फार वेळ लावतो, तेव्हा ओळख करून घेणं भाग आहे.

मी वर्ना हेकर. आमच्या गावच्या ‘बटन्स’ या बेसबॉल संघात नोकरी करते. एके काळी आमच्या नदीतल्या शिंपल्यांची बटणं अर्ध्या देशाच्या सदऱ्यांना लागायची. कारखाना बंद पडला, संघाचं नाव तेवढं राहिलं. यंदा संघाला नवे सदरे आले, तेही डोक्यातून घालायचे. त्यांना एकही बटण नाही. आमचा कारभार हा असा आहे, ते आधीच सांगितलेलं बरं.

आमचा संघ सगळ्यात खालच्या पायरीवरचा. वरच्या मोठ्या क्लबची पोरं इथे तयार होतात, बरी निघाली तर वर जातात, नाहीतर घरी. त्यांना हॉटेलात ठेवायची आमची ऐपत नाही, म्हणून गावातली माणसं एकेक पोर वाटून घेतात. माझ्या वाट्याला लाइल आला. सकाळी मी संघाचे कपडे धुते, दुपारी तिकीट खिडकीवर बसते आणि सामना सुरू झाला की जिना चढून वरच्या खोलीत अधिकृत गुणलेखक होते. फटका मारणारा धावत बेसवर, म्हणजे पुढच्या टप्प्यावर, पोहोचला तो स्वतःच्या कर्तबगारीवर की समोरच्या खेळाडूच्या गलथानपणामुळे, हे कोणीतरी ठरवावं लागतं. ते मी ठरवते. माझ्यासमोर दोन बटणं आहेत. हिरवं दाबलं की मैदानातल्या फळ्यावर ‘हिट’चा हिरवा दिवा लागतो, म्हणजे शाबासकी मारणाऱ्याला. लाल दाबलं की लाल दिवा, म्हणजे चूक, आणि ती चेंडू अडवणाऱ्याच्या नावावर कायमची. गावात आता एवढीच दोन बटणं उरली आहेत.

लाइल गुणी आहे. काल स्वयंपाकघरात गांधीलमाशी शिरली. मी झाडू उचलला, तर याने तिला शांतपणे पेल्यात घेऊन बाहेर सोडलं. तुमच्या परवानगीने आणि आशीर्वादाने इथे आल्याचं तो सांगतो. असं समजूतदार घर हल्ली बघायला मिळत नाही. त्याला जेवायला काय आवडतं ते कळवा. मला विचारलं की म्हणतो, “काहीही चालेल, मॅडम.” तेवढ्यावरून काय शिजवणार?

तुमची,
वर्ना हेकर

—

टॉर्प, नॉर्थ डकोटा
२० मे १९७८

प्रिय मिसेस हेकर,

पत्र पोचलं. लाइल सुखरूप आहे हे कळलं. त्याने स्वतः कळवलं नव्हतं.

परवानगी आणि आशीर्वाद, यांतलं मी काहीच दिलेलं नाही. आमचा मधाचा धंदा आहे. लाइलच्या पणजोबांनी नॉर्वेहून येताना आणलेल्या राणीमाशीपासून तो सुरू झाला असं ओरिनकडचे लोक सांगतात. मी विश्वास ठेवत नाही, पण धंदा आहे. ओरिन म्हणजे माझे यजमान. त्यांची पाठ गेली आहे. क्लोव्हरचं गवत फुललं की मधाने भरलेल्या पेट्या उचलायला माणूस लागतो, आणि क्लोव्हर नेमकं तुमच्या बेसबॉलच्याच दिवसांत फुलतं. आमचा एकुलता एक माणूस तुमच्याकडे चेंडूमागे धावतो आहे.

बेसबॉल मला कळत नाही. बरीचशी माणसं उभी असतात आणि एकजण थुंकतो, एवढं मी पाहिलं आहे.

तुमच्या लाल बटणाबद्दल वाचून मात्र बरं वाटलं. ते तुम्ही जरा सढळ हाताने दाबावं, अशी विनंती आहे. मी चर्चला जाणारी बाई आहे, कोणाला खोटं करायला सांगणार नाही. फक्त शंका असेल तिथे. त्याच्या नावावर पुरेशा चुका जमल्या की तुमचे लोक त्याला घरी पाठवतील आणि सगळ्यांचंच भलं होईल.

त्याला बीट आवडत नाही, पण वाढलं तर खातो. सोबत मधाची बाटली पाठवते आहे. ही लाच नव्हे.

आर्डिस टॉर्गरसन

—

प्रेस्टन बेंड
६ जून १९७८

प्रिय मिसेस टॉर्गरसन,

तुमचं पत्र मी तिकीट खिडकीत बसून वाचलं आणि इतकी हसले की रांगेतल्या माणसाने विचारलं, आज तिकीट फुकट आहे का.

तुम्हाला मदत करायची माझी फार इच्छा आहे, पण लाइल ती स्वतःच करतो आहे. तो शॉर्टस्टॉप खेळतो, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा, जिथे सगळ्यात जास्त चेंडू येतात. गेल्या शनिवारी त्याने चेंडू उत्तम अडवला आणि असा फेकला की तो थेट महापौरांच्या बायकोच्या मांडीवर. मॅनेजर त्याला म्हणाले, “पोरा, चेंडू पहिल्या बेसवर टाकायचा असतो, पहिल्या रांगेत नाही.” बाकावरून चेट प्रुइट म्हणाला, “बाईंनी झेलला तरी. आपल्या बेसवाल्याला तेही जमलं नसतं.” चेट आमचा म्हातारा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. म्हातारा म्हणजे तिशी ओलांडलेला. इथे तेवढं वय म्हणजे निवृत्तीच. एकदा काही दिवस मोठ्या क्लबात खेळून आला आहे आणि त्यावर अजून जगतो आहे. लाइलला त्याने धाकट्या भावासारखं धरलं आहे.

तेव्हा लाल बटण माझ्या हातून भरपूर दाबलं जातं, पण खरं असेल तेव्हाच. हसू नका, पण या एका बाबतीत मी कडक आहे. माझा नवरा वॉल्ट गेला त्या उन्हाळ्यात मी घरात बसले असते तर वेडी झाले असते. मी त्या खोलीत जाऊन बसले. खाली ओल्या मातीचा वास, दिवस कलायला लागलेला, आणि माझं काम एवढंच की जे झालं ते झालं म्हणायचं. त्याने मला उभं केलं. एकदा जरी मी मनाला येईल ते बटण दाबलं, तर दुसऱ्या दिवशी तो जिना मला चढवणार नाही.

आमच्या गावच्या रेडिओवर मर्व्ह सामन्यांचं वर्णन करतो. त्याच्याकडून टेपा घेऊन सोबत पाठवते आहे. तुमच्या मुलाच्या चुका तुम्ही स्वतःच ऐका. मध करता करता ऐकायला बरं.

बीट वाढलं. खाल्लं. चेहरा बघण्यासारखा होता.

तुमची,
वर्ना

—

टॉर्प
२७ जून १९७८

प्रिय वर्ना,

‘मिसेस हेकर’ लिहायला शाई फार लागते. तूही मला आर्डिस म्हण आणि अहो-जाहो सोड. मी तुझ्याहून मोठी असले तरी किती असणार.

टेपा मिळाल्या. मी ऐकत नाही. ओरिन ऐकतात. त्यांनी यंत्र मध काढायच्या खोलीत आणून ठेवलं आहे आणि माझं काम त्याच खोलीत असतं, एवढाच माझा संबंध.

ओरिनची तक्रार अशी की शेवटची टेप नवव्या, म्हणजे अखेरच्या डावात, तिसऱ्या बेसवर माणूस असताना संपली. असं कोणी करतं का? दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. पुढे काय झालं ते त्यांच्यासाठी कळव. मर्व्हला सांग, जाहिराती जरा आटोपत्या घे. टायरच्या दुकानाचं गाणं आता मला पाठ झालं आहे, आणि प्रार्थनेत भलत्याच ठिकाणी आठवतं.

आणखी एक. दुसऱ्या टेपमध्ये सातव्या डावात डावखुऱ्याने मारलेला चेंडू तू लाइलची चूक म्हणून दिलास. चेंडू खोलवर डावीकडे होता, मारणारा जोरात पळणारा. तिथून फेकून कोण बाद करणार होतं? ती हिट होती. ओरिन म्हणतात. आणि लाइलला सांग, वाकताना पाय आणखी फाकव. तेही ओरिनच म्हणतात.

मर्व्ह एकदा म्हणाला की या पोराचे हात मऊ आहेत, चेंडू हातात येतो तो उशीवर पडल्यासारखा. पोळं उघडताना हाताला झटका बसला तर माशी डसते. हात कसा न्यायचा हे त्याला मी शिकवलं, तो पाच-सहा वर्षांचा असताना. मर्व्हला हे माहीत असण्याचं कारण नाही. पण ऐकून मला फार बरं वाटलं, ते तुला सांगते.

क्लोव्हर फुललं आहे. शेजारच्यांची मुलगी पेट्या उचलायला येते. अर्ध्या पाडते. माझं मत बदललेलं नाही.

आर्डिस

—

प्रेस्टन बेंड
१९ जुलै १९७८

प्रिय आर्डिस,

तिसऱ्या बेसवरचा माणूस तिथेच राहिला, आपण जिंकलो. ओरिनना सांग, आता जेवा. आणि सातव्या डावातल्या त्या चेंडूबद्दल ‘ओरिन’ना असंही सांग की, चेंडू डावीकडे होता हे खरं, पण लाइल आधी उजवीकडे निघाला होता. टेपमध्ये पाय ऐकू येत नाहीत.

आता एक बातमी. कशी सांगू कळत नाही, कारण तुझ्या बाजूने बघितलं तर ती बहुधा चांगली आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या क्लबचा माणूस येणार आहे. त्यांच्याकडे तरुण शॉर्टस्टॉप दोन झाले, एक आमचा लाइल आणि एक दुसऱ्या गावच्या संघात. ठेवणार एकालाच. दुसऱ्याला पाहून झालं आहे. आता लाइलला पाहणार. बॅट त्याची जेमतेमच, पण हात सुधारला आहे. जूनमधला लाइल आणि आताचा लाइल ही दोन माणसं आहेत. त्या आठवड्यात त्याने स्वच्छ खेळ केला तर राहील, नाहीतर तुझ्या पेट्या उचलायला येईल.

त्याला हे माहीत आहे. रोज सामन्याच्या कितीतरी आधी मैदानावर जातो आणि चेट त्याला चेंडू मारून देतो. काल जेवताना मी म्हटलं, “घाबरलास?” म्हणाला, “नाही, मॅडम.” आणि माझ्या पानातलं बीट उचलून खाल्लं. त्यावरून काय ते समज.

वर्ना

—

टॉर्प
३१ जुलै १९७८

प्रिय वर्ना,

मे महिन्यात मी तुला लाल बटणाबद्दल काही लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाक. माणूस वसंतात काहीही लिहितो.

मी लाइलच्या वाटेत येणार नाही. मध यंदा भरपूर आहे आणि त्या मुलीला पेटी धरणं जमू लागलं आहे. ओरिनही पट्टा बांधून थोडं उचलतात. आमचं भागेल. मी आई आहे, वर्ना. तो तिथे जीव टाकतो आहे हे मला मर्व्हच्या आवाजातून कळतं. आता त्याला हाकलून दिलं तर तो माझ्याकडे येईल, पण कसला येईल?

तुझं ते जिन्याबद्दलचं मी विसरलेले नाही. खोटं करायला मी कोणाला सांगत नाही. फक्त त्या आठवड्यात, शंका असेल तिथे, त्याला आई आहे एवढं लक्षात ठेव.

रेल्वेने मधाचा मोठा डबा पाठवला आहे. उचलताना जपून. ही लाच नव्हे.

आर्डिस

—

प्रेस्टन बेंड
१५ ऑगस्ट १९७८

प्रिय आर्डिस,

हे तुला मर्व्हच्या टेपमधून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून आजच लिहिते आहे.

शनिवारचा सामना चेटचा होता. त्याने पहिल्यापासून असं काही फेकलं की पाहुण्या संघाला एकही हिट मिळेना. एकही हिट न देता अख्खा सामना संपवणं, हे पिचरच्या जन्मात एकदा घडतं, बहुतेकांच्या तेही नाही. आणि ते चालू असताना त्याचं नाव काढायचं नसतं. काढलं की दृष्ट लागते. सहाव्या डावापासून बाकावर चेटच्या शेजारी कोणी बसलं नाही. कोणी त्याच्याशी बोललं नाही. मर्व्हसुद्धा हवामान आणि मक्याचं पीक यांवर बोलत राहिला. प्रेक्षक फळ्याकडे न बघता बघत होते. आणि नवव्या डावात, पाहुण्यांचे दोन बाद आणि शेवटचा एकच उरलेला असताना, मोठ्या क्लबचा तो शहाणा शेंगा विकणाऱ्याला मोठ्याने म्हणाला, “अरे, यांना अजून हिटच नाही वाटतं!” आजूबाजूच्या लोकांनी त्याच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता याला उचलून नदीत टाकतात.

पुढचाच चेंडू लाइलकडे गेला.

सरळ गेला, आर्डिस. शाळकरी मुलानेही उचलावा असा. आणि हातमोज्याच्या खालून निघून गेला. मारणारा पहिल्या बेसवर. सगळं मैदान वळून माझ्या खिडकीकडे बघायला लागलं.

मी हिरवं दाबलं असतं तर चेटचा सामना गेला असता, पण लाइलच्या नावावर डाग नव्हता. लाल दाबलं तर चेटचा सामना वाचत होता आणि चूक लाइलच्या नावावर लागत होती, तीही त्या माणसासमोर. मी लाल दाबलं. तुला खोटं सांगणार नाही, माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. चेंडू उसळला नव्हता, वळला नव्हता. लाइलची मान आधी वर आली, एवढंच झालं. त्यालाही ते माहीत होतं. तो चेटला दाखवत छातीवर हात आपटत होता, माझी चूक, माझी चूक.

आणि मग काय झालं माहीत आहे? टाळ्या. सगळे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तुझ्या मुलाच्या चुकीला एवढ्या टाळ्या पडलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. पुढचा गडी पहिल्याच चेंडूवर झेल देऊन गेला. चेटला पहिली मिठी लाइलने मारली.

मोठ्या क्लबच्या माणसाने बॅग आवरली. काल सकाळी मॅनेजरनी लाइलला खोलीत बोलावलं. मला वाईट वाटतं, आर्डिस. फार वाईट वाटतं.

डबा पोचला. तो मी उघडलेला नाही.

वर्ना

—

टॉर्प
२२ ऑगस्ट १९७८

प्रिय मिसेस हेकर,

आपलं पत्र मिळालं. टेपही मिळाली. ती मी ऐकली. होय, मी. पुन्हा पुन्हा ऐकली.

मर्व्ह अगदी स्पष्ट म्हणतात, “चेंडू खड्यावर आपटला आणि वेडावाकडा उसळला.” ते रेडिओवरचे जबाबदार गृहस्थ आहेत. वेड्यावाकड्या उसळलेल्या चेंडूला हिट देतात, हे आता मलाही कळतं. हे मला तुम्हीच शिकवलंत.

दुसरं. आपण टाळ्यांचं वर्णन केलंत. टाळ्यांच्या आधी त्या टेपमध्ये सगळं मैदान हळहळतं. चांगलं मोठ्याने. चूक ठरली म्हणजे चेटचा सामना वाचला. मग आधी हळहळ कशाबद्दल? ओरिनलाही याचा उलगडा होत नाही. आपल्याला तो असल्यास कळवावा.

मे महिन्यात मी लाल बटण मागितलं तेव्हा आपण मला जिना सांगितलात. जुलैमध्ये शंका असेल तिथे हिरवं मागितलं तेव्हा लाल दिलंत. माझा मुलगा तुमच्या घरी जेवत होता. तुम्हाला मूल असतं तर तुमचा हात अडखळला असता.

डबा परत पाठवावा. आणि लाइल कुठे आहे ते कळवावं. तो अजून आलेला नाही.

आर्डिस टॉर्गरसन

—

प्रेस्टन बेंड
२९ ऑगस्ट १९७८

प्रिय आर्डिस,

तू मला खुशाल अहो-जाहो कर, मी तुला अगंच म्हणणार.

मर्व्हच्या खोलीसमोर छपराचा खांब आहे. त्याला पिचर दिसतो, पहिला बेस दिसतो, शॉर्टस्टॉप दिसत नाही. ही गोष्ट अख्ख्या गावाला माहीत आहे. लाइलकडे चेंडू गेला की मर्व्ह मनाने सांगतो, आणि उन्हाळाभर तू जो लाइल ऐकलास तो निम्मा मर्व्हने रचलेला आहे. मऊ हात मात्र खरे आहेत. ते मी पाहिले आहेत.

हळहळीचं म्हणशील तर लोक कशालाही हळहळतात. कोणाची तरी बिअर सांडली असेल.

मूल नसल्याबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. त्यावर काही लिहीत नाही.

लाइल इथेच होता. चेटसाठी थांबला होता. त्या सामन्यानंतर गावाने चेटला खांद्यावर घेतलं, बेकरीवाल्याने त्याच्या नावाचा केक केला. नंतर मोठ्या क्लबने त्याला पत्र पाठवून मोकळं केलं. वय झालं म्हणतात. म्हणजे ज्याचा सामना वाचला तोही गेला. परवा दोघं चेटच्या खटाऱ्यातून निघाले आहेत, तुझ्याकडेच. चेटला जायला दुसरीकडे कुठे नव्हतं. त्याला मधमाश्यांची भीती वाटते, हे तुला आधी सांगून ठेवते.

लाइलची खोली मी अजून झाडलेली नाही.

डबा भरलेलाच आहे आणि माझ्याच्याने पोस्टापर्यंत उचलवत नाही. हवा असेल तर येऊन ने.

वर्ना

—

टॉर्प
२४ सप्टेंबर १९७८

प्रिय वर्ना,

ते मुलाबद्दलचं वाक्य मी लिहायला नको होतं. माझं चुकलं. हे आधी लिहिते, म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल.

दोघं आले. चेट पहिला आठवडा खटाऱ्याच्या काचा वर करून आतच बसून राहिला. आता जाळी घालून येतो, पण माशी जवळ आली की ओरिनच्या मागे लपतो. उंचीने ओरिनच्या दीडपट आहे. शेजारची मुलगी हसून हसून आता पेट्या पूर्ण पाडते.

काल जेवताना मला राहवलं नाही. मी लाइलला विचारलं, “खरं सांग, चेंडू उसळला होता का?”

“नाही, आई. मी मान वर केली. बेसकडे बघत होतो.”

“मग लोक आधी हळहळले का?”

मग चेटच म्हणाला, “हिरवा दिवा लागला म्हणून.”

“कसला हिरवा? वर्ना तर लिहिते की तिने लाल दाबलं.”

“लाल नंतर, मॅडम. आधी हिरवा लागला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. माझा सामना गेला म्हणून मी टोपीसुद्धा काढली होती.”

मग लाइल बोलला. “मिसेस हेकरनी माझ्यासाठी हिरवं दाबलं, आई. मला ते लगेच कळलं. कपाटातला तुझा डबा मी पाहिला होता. मला वाटलं, त्या नेहमी म्हणायच्या तसं आता या उद्यापासून तो जिना चढणार नाहीत. म्हणून मी त्यांच्या खिडकीकडे वळून छातीवर हात आपटला. लाल लागेपर्यंत आपटत राहिलो.”

“चेटला दाखवत नव्हतास?”

“चेट माझ्या पाठीमागे होता.”

मी उठून बाहेर गेले. पेट्यांच्या मागे उभी राहिले आणि रडले, वर्ना. रागाने की कशाने, ते नीट सांगता येत नाही. माझ्या मुलाने स्वतःच्या हाताने स्वतःचं लाल बटण दाबून घेतलं. आणि जी बाई मला उन्हाळाभर जिन्याच्या गोष्टी सांगते, तिच्या हाताने माझ्या मुलासाठी खोटं केलं. क्षणभरच, पण केलं. ‘जरासुद्धा अडखळला नाही’ म्हणे.

ते मला कोणी सांगितलं नव्हतं. तू तर नाहीच. तू माझ्या शिव्या खाऊन घेतल्यास, आणि ते वाक्यही गिळलंस, पण हे लिहिलं नाहीस.

मी लाइलला विचारलं, मार्चमध्ये दुसऱ्या एखाद्या संघाकडे जाऊन बघणार का? मी गाडीभाडं देते म्हटलं. तो हसला. म्हणाला, “नको, आई. माझं पोट भरलं. मला पेट्या आवडतात.” अगदी मनापासून म्हणाला. म्हणजे मी मे महिन्यात मागितलं ते सगळं मला मिळालं. माणूस घरी आला, धंदा चालला आहे, वर एक पिचरही मिळाला. आता तू मला सांग, पुढच्या उन्हाळ्यात मी काय ऐकू? नवा शॉर्टस्टॉप कोण आहे? त्याला वाकताना पाय फाकवता येतात का?

माझ्या मनात असं आहे की मेमध्ये पेट्या लाइल आणि चेट बघतील आणि मी तुझ्याकडे येईन. लाइलची खोली झाडून ठेव. बीट करू नकोस, मलाही आवडत नाही. आणि मला खांबामागे बसवलंस तर याद राख.

तुझी,
आर्डिस

ता. क. ओरिन बेसबॉलला कंटाळले आहेत. जूनपासूनच कंटाळले होते, असं आता सांगतात.

—

प्रेस्टन बेंड
२ ऑक्टोबर १९७८

प्रिय आर्डिस,

फळ्यावरचे दिवे जुने आहेत, वायरिंग त्याहून जुनं. कधी कधी आपोआप लागतात. वीजवाल्याला बोलावलं आहे. लाइलला सांग, मैदानात चेंडूकडे बघायचं असतं, दिव्यांकडे नाही, म्हणूनच चेंडू सुटतात.

तुझी खुर्ची माझ्या डाव्या हाताला ठेवते. हिरवं बटण उजवीकडे आहे. तिथवर तुझा हात पोचणार नाही.

खोली झाडली.

वर्ना

ता. क. मधाचा डबा काल उघडला.